बंद पडलेली अमेरिकन चेन रेस्टॉरंट्स आणि त्यांच्या आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८२ च्या डिसेंबरात मी सांगलीहून मॅसॅच्युसेट्सला आले. विमानतळावरून घरी जाताना ह्यांनी गाडी थांबवली ती एका नारिंगी छपराच्या रेस्टॉरंटपाशी. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत लोक आइस्क्रीम खात बसलेले. ते छप्पर आता नाही, ती चेनही नाही. अशा बंद पडलेल्या चेनबद्दल मी बरीच वर्षं वाचते आहे, जमेल तिथे जाऊन पाहते आहे. ओळखीपाळखीतून आणि अनोळखी वाचकांकडूनही तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी केली आहेत.

एक खुलासा आधीच करते. आपण मराठीत खाण्याच्या जागेलाही हॉटेल म्हणतो. इथे मात्र "हॉटेल" म्हणजे मुक्कामाची जागा आणि खाण्याची जागा म्हणजे "रेस्टॉरंट". असं का, ते प्र. ६ वाचल्यावर कळेल.

प्र. १ : चेन म्हणजे सगळीकडे सारखंच खाणं. त्याची आठवण काढून हळवं व्हावं असं त्यात काय आहे?

त्या सारखेपणातच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मोटारी घरोघर आल्या, लोक शेकडो मैल प्रवास करू लागले, पण रस्त्याकडेला खायला काय मिळेल याची खात्री नसायची. शिळं असेल, स्वच्छता नसेल, परका माणूस पाहून जास्त पैसेही घेतले जातील. अशा वेळी लांबून ओळखीचं छप्पर दिसणं म्हणजे हायसं वाटणं. आत काय मिळणार, किती पैसे पडणार, मुलांना काय आवडेल, हे सगळं आधीच माहीत असायचं.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. अमेरिकन कुटुंबं नोकरीपायी सतत गाव बदलतात. मुलांचं घर बदलतं, शाळा बदलते, शेजार बदलतो. पण ओहायोतल्या बाकाचं रेक्झिन आणि फ्लोरिडातल्या बाकाचं रेक्झिन एकाच रंगाचं असायचं. ज्यांना धड एक गाव नव्हतं, त्यांना ती जागा गावासारखी वाटली. म्हणून दोन अनोळखी म्हातारी माणसं एखाद्या बंद चेनचं नाव निघताच एकमेकांशी तासभर बोलू शकतात.

प्र. २ : नारिंगी छपराचं ते रेस्टॉरंट कोणतं? त्याची गोष्ट सांगा ना.

हॉवर्ड जॉन्सन्स. लाडाचं नाव होजो. हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन यांनी १९२५ मध्ये बोस्टनजवळच्या क्विन्सी गावात औषधांचं एक छोटं दुकान घेतलं. त्यात सोडा आणि आइस्क्रीमचा काउंटर होता. आइस्क्रीममध्ये सायीचं प्रमाण वाढवलं आणि माल असा खपू लागला की औषधं मागे पडली. पुढे "२८ फ्लेवर्स" ही त्या नावाची ओळखच झाली.

रेस्टॉरंटचं नाव गाजलं त्यात नाटकाचा वाटा आहे. बोस्टन शहराने बंदी घातलेलं एक पाच तासांचं नाटक १९२९ मध्ये क्विन्सीत आलं. मध्ये जेवणाची सुट्टी ठेवावी लागली आणि बोस्टनहून आलेले प्रेक्षक जवळच्या जॉन्सन यांच्या नव्या रेस्टॉरंटात जेवले. ते परत गेले तेव्हा नाटकाबरोबर जेवणाचीही चर्चा शहरात पोचली. मध्यंतरातल्या बटाटेवड्यावरून नाट्यगृह लक्षात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

मग मंदी आली. नव्या शाखेला बँका पैसे देईनात. तेव्हा १९३५ मध्ये जॉन्सन यांनी केप कॉडवरच्या ऑर्लीन्स गावात एका ओळखीच्या माणसाला आपलं नाव वापरू दिलं. इमारत आणि भांडवल त्याचं, नाव आणि माल यांचा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रेस्टॉरंट-फ्रँचायझींपैकी ही एक. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाईक (टोल भरून जायचा महामार्ग) सुरू झाला आणि त्यावरच्या खाण्याच्या थांब्यांचं कंत्राट यांना मिळालं. मधे उतरायच्या जागा मोजक्याच असलेला तो रस्ता, त्यामुळे भूक लागली की होजो. १९७० च्या दशकापर्यंत हजाराच्या आसपास रेस्टॉरंट्स झाली.

खाण्यात तीन गोष्टींचं नाव निघतं : तळलेल्या क्लॅमच्या पट्ट्या (क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे भाईबंद), लोण्यात परतलेलं हॉटडॉग आणि आइस्क्रीम. मी शाकाहारी, त्यामुळे मी फक्त शेवटच्या गोष्टीची साक्ष देऊ शकते. मेपल-अक्रोडाचं ते आइस्क्रीम दाट होतं, दाताखाली अक्रोडाचे सढळ हाताने घातलेले तुकडे यायचे आणि वर एक छोटं बिस्किट खोचलेलं असायचं.

त्या स्वयंपाकघरामागे कोण होतं हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात काम केलेले झाक पेपँ यांना १९६० च्या सुमारास केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या मुख्य आचाऱ्याच्या जागेबद्दल विचारणा झाली होती. ती नाकारून ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या होजोच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात गेले आणि जवळजवळ दहा वर्षं राहिले. त्यांचे सहकारी पिएर फ्रॅने यांच्याबरोबर त्यांनी हजारो लोकांसाठी एकाच वेळी सूप शिजवताना चव कशी राखायची यावर काम केलं. चेनचं खाणं म्हणजे बिनडोक खाणं, असं कुणी म्हणालं की मी हे सांगते.

प्र. ३ : नाणं टाकलं की काचेचं दार उघडायचं आणि पाय (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळायचा, असं काही खरंच होतं का?

होतं. त्याला ऑटोमॅट म्हणत. जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या दोघांनी जर्मनीहून यंत्रसामग्री आणवून अमेरिकेतलं पहिलं ऑटोमॅट जून १९०२ मध्ये फिलाडेल्फियात चेस्टनट स्ट्रीटवर उघडलं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला आलं आणि पुढची कित्येक दशकं हॉर्न अँड हार्डार्टने रोज लाखो लोकांना जेवू घातलं.

रचना अशी. भिंतभर छोटे छोटे कप्पे, प्रत्येकाला काचेची झडप. आत पाय, मॅकरोनी-चीज, पालक, बीन्स. पाच सेंटचं नाणं म्हणजे निकल, ते खाचेत टाकायचं, मूठ फिरवायची, झडप उघडायची. भिंतीच्या मागे माणसं उभी असत. एक कप्पा रिकामा झाला की ती लगेच भरत. "यंत्र जेवण देतं" हा नुसता भास होता, स्वयंपाक माणसांचाच होता. दाराशी काचेच्या केबिनमध्ये बायका बसत. डॉलर दिला की न मोजता, हाताच्या अंदाजाने नेमकी वीस निकल पुढे सरकवत. कॉफी यायची ती पितळी डॉल्फिनच्या तोंडातून, आणि काही मिनिटांत खपली नाही तर ती ओतून देऊन ताजी करायची असा नियम होता.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते टेबल. टेबलावर वेटर नाही, म्हणून टिप नाही, म्हणून "आता उठा" म्हणणारं कुणी नाही. पाच सेंटच्या कॉफीवर माणूस दुपारभर बसू शके. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे तेवढेही नसत, ते फुकटच्या गरम पाण्यात टेबलावरचं केचप घालून टोमॅटो सूप करून पीत. त्यांच्या शेजारी कोटवाला बँकेतला साहेब पाय खात बसलेला असे. बहुतेकांच्या आठवणी शेवटी या बसण्याकडेच येतात.

मग त्या नाण्यानेच घात केला. यंत्र फक्त निकल ओळखायचं. महागाई वाढली तसं कॉफीला सहा किंवा सात सेंट करणं शक्यच नव्हतं. १९५० मध्ये एकदम दुप्पट, दहा सेंट करावे लागले आणि गिऱ्हाईक तुटलं. त्यात मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांत गेला. कंपनीने पुढे आपल्याच बऱ्याच जागांवर बर्गर किंगच्या शाखा काढल्या. शेवटचं ऑटोमॅट न्यूयॉर्कमध्ये ४२ वा रस्ता आणि थर्ड अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर होतं. ते एप्रिल १९९१ मध्ये बंद झालं.

प्र. ४ : या चेन बंद का पडल्या? मॅकडोनाल्ड्समुळेच ना?

असंच बहुतेकांना वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. मी जेवढ्या चेनबद्दल वाचलं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक जायच्या आधी मालकाचं लक्ष गेलेलं दिसतं.

होजोच घ्या. १९५९ मध्ये कारभार मुलाकडे गेला, १९६१ मध्ये शेअर बाजारात आले आणि हळूहळू खर्चात कपात सुरू झाली. माणसं कमी, डागडुजी कमी, पदार्थ स्वस्तातले. गिऱ्हाईक मुख्यतः रस्त्यावरचं, त्यामुळे १९७३ च्या तेलटंचाईचा फटका थेट गल्ल्याला बसला. मग एका ब्रिटिश कंपनीने सुमारे ६३ कोटी डॉलरला चेन विकत घेतली, १९८५ मध्ये ती मॅरियट या हॉटेल कंपनीकडे गेली, आणि मॅरियटला रस होता तो जागांमध्ये. महामार्गाच्या तोंडावरची जमीन तिच्यावरच्या आइस्क्रीमपेक्षा महाग झाली होती. शेवटचं होजो रेस्टॉरंट न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला होतं. ते २०२२ मध्ये संपलं.

बर्गर शेफची कथा दुसरी. इंडियानापोलिसमध्ये बर्गर भाजायची यंत्रं बनवणाऱ्या दोघा भावांनी आपली यंत्रं दाखवायला म्हणून ती काढली. १९७० च्या सुमारास हजारावर शाखा, मॅकडोनाल्ड्सनंतरचा नंबर. मुलांसाठी खेळण्यासकट डबा त्यांनी १९७३ मध्ये आणला, मॅकडोनाल्ड्सचा प्रसिद्ध हॅपी मील देशभर आला १९७९ मध्ये. पण १९६८ मध्येच चेन जनरल फूड्सने घेतली होती. किराणा मालातली ती मोठी कंपनी. तिने शाखा भराभर वाढवल्या आणि त्या चालवायची घडी बसवली नाही. १९८२ मध्ये हार्डीज या दुसऱ्या बर्गर चेनला विकली, शेवटची शाखा १९९६ पर्यंत टिकली.

आर्थर ट्रीचर्सला मासा नडला. इंग्लिश पद्धतीचे फिश अँड चिप्स विकणारी ही ओहायोतली चेन, आठशेच्या वर शाखा होत्या. १९७० च्या दशकात आइसलँड आणि ब्रिटनमध्ये मासेमारीच्या हद्दीवरून भांडण पेटलं, त्याला कॉड युद्ध म्हणतात. कॉडचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. ज्या चेनचा सगळा संसार एका माशावर उभा होता ती त्यातून सावरलीच नाही.

चीचीज ही मेक्सिकन पद्धतीची चेन. १९७५ मध्ये मिनेसोटात सुरू झाली. २००३ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या मोनाका गावच्या शाखेत हिरव्या कांद्याच्या पातीतून कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, पसरल्याचं उघड झालं. सहाशेहून अधिक लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. पुढच्या वर्षी देशभरच्या शाखा बंद झाल्या. पात मेक्सिकोहून आली होती आणि शाखेत नुसती धुऊन, न शिजवता सालशात (टोमॅटो-मिरचीच्या चटणीत) पडली होती. ज्यांच्या घरचं माणूस त्यात गेलं त्यांना या चेनची आठवण गोड नाही, हे मी तिच्या चाहत्यांना नेहमी सांगते.

सॅम्बोज या पॅनकेकच्या चेनबद्दल प्र. ७ पाहा. बुफेवाल्यांबद्दल प्र. ५.

प्र. ५ : आपल्यासारख्या शाकाहारी लोकांच्या यात काय आठवणी असणार?

खूप आहेत. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेल्या पहिल्या पिढीला विचारा. ग्रिल्ड चीज सँडविच, बेक्ड बटाटा, मधली टिक्की काढून फक्त चीज-कांदा-टोमॅटोचा बर्गर, यावर कित्येकांनी वर्षं काढली.

त्यात सॅलड बार, म्हणजे सॅलड हवं तेवढं हाताने वाढून घ्यायची सोय, आला तेव्हा काय वाटलं असेल पाहा. सॅलड बार घरोघरी माहीत झाला तो स्टेक अँड एल या चेनमुळे. नॉर्मन ब्रिंकर यांनी ती १९६६ मध्ये डॅलसमध्ये काढली. नावातच स्टेक, पण आपल्या मंडळींनी तिथे काकडी, बीट, चणे आणि गरम पाव यावर भरपेट जेवणं केली आहेत.

आणि स्वीट टोमॅटोज. दक्षिण कॅलिफोर्नियात हिचंच नाव सूपप्लांटेशन. १९७८ मध्ये सॅन डिएगोत सुरू झाली. आत शिरताच लांबलचक सॅलडची ओळ, मग सूप, पास्ता, भाजलेला बटाटा, फोकाचा पाव, शेवटी सॉफ्ट आइस्क्रीम, सगळं हवं तेवढं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले की त्यांना घेऊन जायची ही ठरलेली जागा होती. नऊवारीतल्या आजी ट्रे घेऊन रांगेत उभ्या आहेत असे फोटो मी तीन-चार घरांतून पाहिलेत. मे २०२० मध्ये कोविडमुळे हाताने वाढून घ्यायची पद्धत थांबली आणि ९७ शाखांची ही चेन एका फटक्यात कायमची बंद झाली. २०२४ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनला तिच्या नावाने एक शाखा पुन्हा उघडली.

एक गोष्ट मात्र मनाला लागेल. त्या काळी आपण ज्याला शाकाहारी समजत होतो ते सगळंच तसं नव्हतं. बॉस्टन पद्धतीच्या बीन्समध्ये डुकराच्या चरबीचा तुकडा घालायची रीत आहे, मेक्सिकन पद्धतीच्या वाटलेल्या राजम्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असे, थरथरणाऱ्या रंगीत जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन, आणि अनेक ठिकाणी बटाटे गाईच्या चरबीत तळत. एका काकूंनी मला हे कळल्यावर रडत फोन केला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, की वाढणाऱ्याने लपवलं नव्हतं आणि खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं, यात दोष कुणाचाच नाही.

प्र. ६ : हॉवर्ड जॉन्सन नावाचं हॉटेल मी गेल्याच वर्षी पाहिलं. मग बंद काय झालं?

रेस्टॉरंट बंद झालं, हॉटेल नाही. पहिलं मोटर लॉज १९५४ मध्ये जॉर्जियातल्या सव्हानाला निघालं. १९८५ मध्ये मॅरियटने कंपनी घेतली तेव्हा हॉटेलं दुसऱ्या कंपनीला गेली. आज ते नाव विंडहॅम समूहाकडे आहे. त्या हॉटेलात मुक्काम केलात तर नाव तेच मिळेल, आइस्क्रीम नाही.

असाच घोळ किराणा दुकानात होतो. चेन गेली तरी तिच्या नावाचा सालसा किंवा गोठवलेलं खाणं फडताळावर असतं. नाव ही स्वतंत्र मालमत्ता आहे, ती विकता येते, भाड्याने देता येते. म्हणून "ही चेन आहे का?" असं विचारताना नाव, स्वयंपाकघर आणि जागा यांतलं काय शिल्लक आहे, असं विचारावं.

प्र. ७ : सॅम्बोजच्या भिंतीवर पगडीतला मुलगा आणि वाघ होते. तो मुलगा भारतीय होता का?

चित्रांतला मुलगा पुढेपुढे भारतीयच दाखवला होता, पण गुंता आहे.

सॅम्बोज १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराला सुरू झालं. सॅम बॅटिस्टोन आणि न्यूवेल बोनेट हे दोघे भागीदार, दोघांच्या नावांतून जुळवलेलं नाव. ते नाव एका जुन्या बालकथेतल्या काळ्या मुलाचंही होतं. ती कथा १८९९ ची, भारतात राहणाऱ्या एका स्कॉटिश बाईंनी लिहिलेली. त्यात वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात, त्यांचं तूप होतं आणि त्या तुपात धिरडी होतात. वाघ आणि तूप, म्हणजे प्रदेश आपलाच. पण अमेरिकेत छापलेल्या आवृत्त्यांत चित्रं काळ्या माणसांची टिंगल करणारी होती आणि "सॅम्बो" हा शब्द कृष्णवर्णीयांना हिणवायला वापरला जात होता. पॅनकेकच्या दुकानाला ही कथा सोयीची वाटली म्हणून मालकांनी ती भिंतीवर रंगवली.

१९७९ पर्यंत ४७ राज्यांत ११०० च्या वर शाखा झाल्या. ईशान्येकडच्या गावांनी नावाला विरोध केला, काही शाखांची नावं बदलून "जॉली टायगर" वगैरे ठेवली गेली. त्याच सुमारास आतून दुसरी फूट पडली. शाखेच्या व्यवस्थापकाला नफ्यात भागीदारी देणारी त्यांची जुनी योजना कंपनीने बदलली, आणि ज्यांनी ती दुकानं जीव लावून चालवली ते व्यवस्थापक सोडून गेले. १९८१ मध्ये दिवाळखोरी. सँटा बार्बराची मूळ शाखा संस्थापकाच्या नातवाकडे चालू राहिली आणि २०२० मध्ये त्यांनीही ते नाव उतरवलं.

काही मराठी वाचक म्हणतात, "मुलगा भारतीय होता, मग अपमान कसला?" ज्या समाजाला तो शब्द शिवीसारखा ऐकावा लागला त्यानेच याचं उत्तर द्यायचं, आणि ते त्यांनी दिलं आहे.

प्र. ८ : त्या काळी या जागांवर सगळ्यांना बसू देत होते का?

नाही. आठवणींचे कार्यक्रम होतात त्यात हे कुणी काढत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ऑक्टोबर १९५७. घाना नुकताच स्वतंत्र झाला होता. त्याचे अर्थमंत्री कोमला ग्बेडेमाह डेलावेअरमधल्या डोव्हरच्या हॉवर्ड जॉन्सन्समध्ये संत्र्याचा रस प्यायला थांबले. काळ्या माणसांना आत बसून पिता येणार नाही, असं त्यांना सांगितलं. बातमी जगभर गेली आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलावलं. ज्या छपराने मला बर्फात हायसं वाटलं, तेच हे छप्पर. मंत्र्याला राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं. मुलंबाळं घेऊन त्याच रस्त्याने जाणारी काळी कुटुंबं डबा आणि पाणी बरोबर घेऊनच निघत.

वूलवर्थ हे किरकोळ मालाचं दुकान, पण त्यातले जेवणाचे काउंटर एवढे होते की ती एक मोठी खाद्य-चेनच होती. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही तरी दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. काही आठवड्यांत दक्षिणेतल्या शहराशहरांत हे पसरलं आणि जुलैत त्या काउंटरवर सगळ्यांना वाढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या होजोंपुढेही अशीच निदर्शनं झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने रेस्टॉरंटमधला भेदभाव बेकायदा ठरला.

भारतीय यातून सुटले होते असं नाही. १९५५ मध्ये भारताचे राजदूत जी. एल. मेहता यांना ह्यूस्टन विमानतळावरच्या रेस्टॉरंटात इतरांपासून वेगळ्या खोलीत जायला सांगितलं होतं. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी नंतर माफी मागितली.

प्र. ९ : अमेरिकेत बंद पण दुसऱ्या देशात चालू, अशा चेन आहेत का?

आहेत. केनी रॉजर्स रोस्टर्स ही भाजलेल्या कोंबडीची चेन गायक केनी रॉजर्स आणि केंटकीचे माजी गव्हर्नर जॉन वाय. ब्राउन यांनी १९९१ मध्ये काढली. अमेरिकेतली शेवटची शाखा २०११ मध्ये बंद झाली. मलेशिया आणि फिलिपिन्समध्ये मात्र ती जोरात चालते, आणि २००८ पासून मालकीही मलेशियाच्या बर्जाया समूहाची आहे.

विंपीचं तर अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण ती सगळ्यांना ब्रिटिश वाटते. दिल्लीच्या कनॉट प्लेसला विंपीत बर्गर खाल्लेल्यांनाही. मुळात ती अमेरिकेतली, १९३४ सालची. ब्रिटनमधले हक्क १९५४ मध्ये लायन्स कंपनीकडे गेले आणि तिथे ती फोफावली. अमेरिकेतल्या संस्थापकाच्या निधनाच्या वेळी, १९७७ मध्ये, मूळ देशात जेमतेम सात शाखा उरल्या होत्या. त्याही गेल्या.

प्र. १० : पुन्हा उघडलेल्या चेनमध्ये जुनी चव मिळते का?

स्टेक अँड एल जुलै २००८ मध्ये रातोरात बंद झाली होती आणि २०२४ मध्ये मिनेसोटातल्या बर्न्सव्हिलला परत उघडली. चीचीज संस्थापकाच्या मुलाने २०२५ मध्ये, तीही मिनेसोटातच, सुरू केली. पाककृती कागदावर जपलेल्या असतात, त्यामुळे सॉस किंवा मॅरिनेड बऱ्यापैकी जुळतं. पण लोणी, पीठ, तेल देणारे पुरवठादार बदललेले असतात आणि खाणारी जीभही चाळीस वर्षांनी मोठी झालेली असते. जुन्या चवीच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल. मुलांना बरोबर घेऊन गेलात तर मात्र संध्याकाळ छान जाईल.

प्र. ११ : रस्त्यावरची एखादी जुनी इमारत कोणत्या चेनची होती हे कसं ओळखायचं?

छपराकडे पाहा. चढं छप्पर, वर छोटा मनोरा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर बहुधा होजो. रंग बदललेला असतो, मनोरा राहतो. कोठारासारखं दुमडलेलं छप्पर आणि समोर पूर्ण काच असेल तर रेड बार्न ही बंद पडलेली चेन. खाली रुंद, वर निमुळत्या खिडक्या आणि टोपीसारखं छप्पर असेल तर ते जुनं पिझ्झा हट. ती चेन चालू आहे, पण ती १९६० च्या दशकातली इमारत तिने बहुतेक ठिकाणी सोडली. आता तिथे दवाखाने, सावकारी दुकानं, आणि कितीतरी ठिकाणी देशी बुफे आहेत. लाल छपराखाली पनीर टिक्का मी स्वतः खाल्लाय.

प्र. १२ : या वस्तू, मेन्यू, फोटो कुठे पाहायला मिळतील?

वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे फिलाडेल्फियाच्या ऑटोमॅटचा एक भाग आहे. ग्रीन्सबरोच्या काउंटरचाही काही भाग तिथेच आहे, आणि ग्रीन्सबरोतल्या त्या मूळ दुकानात २०१० पासून संग्रहालय आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे सुमारे ४५ हजार मेन्यू आहेत, त्यातले पुष्कळसे घरबसल्या पाहता येतात. जुन्या बशा आणि मेन्यू विकत घेणार असाल तर नव्याने छापलेल्या नकला फार आहेत एवढं लक्षात ठेवा.

प्र. १३ : हे आपल्या इराण्याच्या हॉटेलांसारखंच आहे ना?

ऑटोमॅटमधलं एका कॉफीवर बसून राहणं, तेवढं साम्य आहे. बाकी नाही. प्रत्येक इराण्याचं दुकान एका कुटुंबाचं, गल्ल्यावर मालक स्वतः. चेन बंद करायचा निर्णय बहुतेक वेळा अशा माणसांनी घेतला जे त्या टेबलावर कधी बसलेच नव्हते.

प्र. १४ : माझे वडील १९७१ मध्ये क्लीव्हलंडजवळ एका रेस्टॉरंटात भांडी घासत. त्यांना नाव आठवत नाही. शोधता येईल का?

बऱ्याचदा येतं. वडिलांना नाव विचारू नका. नाव न आठवण्याचा त्रास होतो आणि माणूस गप्प बसतो. त्याऐवजी विचारा : गणवेशाचा रंग कोणता होता? बशीवर काठाला काय होतं? कामावर बसने जायचात की चालत, कोणत्या स्टॉपवर उतरायचात? पगार रोख मिळायचा की चेकने? रात्री उरलेलं काय घरी न्यायला द्यायचे? मग त्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीत स्थानिक इतिहासाच्या विभागाला लिहा. तिथे त्या वर्षाची शहर-सूची आणि टेलिफोनची पिवळी पानं असतात, रस्त्याच्या नावावरून दुकान सापडतं. ग्रंथपाल मनापासून मदत करतात, माझा अनुभव तरी असाच आहे. सोशल सिक्युरिटी कार्यालयाकडे वडिलांच्या कमाईचा तपशील मागता येतो. पगार रीतसर दिला असेल तर त्यात मालकाचं नाव असतं. फ्रँचायझी असेल तर तिथे चेनचं नाव नसून एखाद्या भलत्याच कंपनीचं नाव दिसेल. ते पिवळ्या पानांशी ताडून पाहा.

एका वाचकाच्या वडिलांना फक्त एवढंच आठवत होतं, की स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून नारिंगी छपराची कड दिसायची आणि बर्फ वितळलं की तिथून पाणी गळायचं. तेवढ्यावरून सापडलं.